वासावरून चाललेलं आपलं भांडण

पाणी आलं म्हणून तू उठलीस. हंडा परत आला तो हौसाबाईच्या हातात.

मधे काहीच नाही. माझ्या हातात चहाची बशी, तुझं बोलणं अर्ध्यावर, खालून पोरं ओरडली "पाणी आलं, पाणी आलं", आणि तू हंडा उचलून म्हणालीस, "थांबा जरा, एक सांगायचंय तुमाला, पन पानी जाईल." मी म्हटलं, "काही सांगू नको. माझं नाही म्हणजे नाही." हे आपलं शेवटचं बोलणं. मग शेजारची हौसाबाई दारात उभी. हंडा काठोकाठ भरलेला. म्हणते, "नाना, हंडा घ्या आधी, मग खाली या." तुला नळावर पडलेली सोडून ही बाई हंडा घेऊन दोन जिने चढली कशाला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तिलाही सांगता येणार नाही. डोकं बंद पडलं की माणूस हातातलं काम तेवढं करतो.

इस्पितळ जवळच. परळमध्ये राहून इस्पितळाला काय तोटा! पोरांनी तुला खुर्चीत बसवून नेलं. डॉक्टर कोवळा होता. त्यानं तुझं मनगट धरलं, सोडलं आणि म्हणाला, हृदय. मी म्हटलं, कुठलं हृदय? ही बाई काल भरला हंडा डोक्यावर घेऊन जिना चढली, वर येऊन मला बोलली. तो म्हणाला, "आजोबा, असं होतं." मला त्याचा इतका राग आला! असं होतं म्हणजे काय? असं कसं होतं?

आता मंडळाची पोरं आली आहेत. भिंतीवर अंक लावतात ना ती, त्यात तुझ्यावर चार ओळी पाहिजेत म्हणे. जन्म, गाव, स्वभाव. तुझा जन्म तुला ठाऊक नव्हता तर मला कुठून? गाव सगळ्यांना माहीत आहे. स्वभाव भांडकुदळ. झाल्या चार ओळी. बाकी मला तुझ्याशीच बोलायचं आहे, कारण भांडण अर्ध्यावर आहे आणि माझ्या डोक्यात उत्तरं येतच आहेत. काल आंघोळ करताना मला एक फक्कड उत्तर सुचलं. ओला बाहेर आलो आणि तुला हाक मारायला तोंड उघडलं.

भांडण कशावरून, हे वाचणाऱ्यांना कळायला पाहिजे. वासावरून. तुझ्या हाताच्या, लुगड्याच्या, केसांच्या वासावरून. सडक्या अंड्यासारखा वास. तू नळ्या धुवायला लागलीस तेव्हापासून तो आपल्या खोलीत राहायला आला, आणि मी तेव्हापासून ओरडतो आहे.

नळ्या म्हणजे त्या लॅबोरेटरीतल्या काचेच्या. परळच्या नाक्यापासून आत ती बैठी दगडी इमारत आहे, तिथं तू धुणावळीवर होतीस. डॉक्टरीणबाई जंतू पाळायच्या. हो, पाळायच्या, कोंबड्या पाळतात तसे. त्यांना मटणाचं पाणी घालायच्या. तू म्हणायचीस, "जंतूंना मटनाचं पानी आनि आमाला सुकट." काम झालं की नळ्या आधी वाफेच्या बंबात कोंडून जंतू मारायचे, मग त्या तारेच्या टोपल्यांतून तुझ्याकडे. ओतायच्या, लांब ब्रशानं घासायच्या, सोड्यात भिजवायच्या, साध्या पाण्यात खळबळून उलट्या ठेवायच्या. दिवसभर. आणि वास.

तो वास जंतूच काढतात, हे तूच मला सांगितलंस. जंतू मटणाचं पाणी खातो आणि गंधकाची हवा सोडतो. बाईंनी नाव इंग्रजीत सांगितलं होतं, ते तुलाही यायचं नाही. आणि ती हवा म्हणजे घाण नाही, ते त्याचं बोलणं आहे, असं तू म्हणायचीस. नळीच्या तोंडाशी कापसाच्या बोळ्यात एक पांढऱ्या कागदाची पट्टी अडकवून लोंबती ठेवायची. पट्टीला शिशाचं पाणी लावलेलं. जंतूनं ती हवा सोडली की पट्टी काळी. नाही सोडली तर पांढरीच. दोन तापांचे जंतू दिसायला सारखे, जुळ्या भावांसारखे, पण एक पट्टी काळी करतो, एक करत नाही. मुदतीच्या तापाचा काळी करतो. अशा दहा खुणा जुळवून बाई सांगायच्या, ह्या माणसाला कुठला ताप आहे.

"पट्टीवरून जंतूची जात कळते," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "म्हणजे तिथं पण जातच बघतात."

"तिथं बघतात ती मानूस वाचवायला. तुमी गावाकडं कशाला बघताना पाह्यली?"

मी तपकीर ओढली.

पण माझं म्हणणं तू कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस, म्हणून आज ऐक. गावात ढोर मेलं की माझ्या बाला बोलावणं यायचं. मी पोरगा होतो, मीही जायचो. उन्हातलं फुगलेलं ढोर ओढायचं म्हणजे काय ते ज्यानं ओढलंय त्यालाच ठाऊक. तो वास नदीवर घासून जात नाही. लोक आमच्याशी बोलायचे तेव्हा वारा कुठून येतो ते बघून उभे राहायचे. मग आपल्या लोकांनी ठरवलं, ढोरं ओढणार नाही. त्यापायी दुकानदारानं मीठ बंद केलं, पाणवठ्यावर मार पडला, आणि मी आणि माझ्यासारखे कितीतरी बोटीत बसून मुंबईला आलो. मी त्या वासातून बाहेर पडलो होतो. गिरणीत कापसाचा धुरळा खाल्ला, छाती गेली, पण वास नव्हता. आणि माझी बायको रोज संध्याकाळी तोच वास लुगड्यात बांधून घरी आणते! तोच! तूच म्हणालीस ना, ढोर सडतं तेव्हाही असलेच जंतू हीच हवा काढतात म्हणून. तू ते मला कौतुकानं सांगत होतीस. माझ्या अंगावर काटा आला होता.

यावर तू काय म्हणालीस तेही लिहितो. तू म्हणालीस, "त्या ढोराच्या वासाला कुनी इचारलं व्हतं का, तू काय सांगतोस म्हनून? हितं इचारतात."

आपला पहिला मुलगा गावाकडं असतानाच वारला. सगळे म्हणाले, तापानं. वैद्य म्हणाला, ताप. तू तेव्हा अगदी कोवळी होतीस, कोपऱ्यात बसून एकच विचारत होतीस, "पन कसला ताप?" कुणी उत्तर दिलं नाही, तुला वेड लागलं असं समजले. मी पण. ते मी विसरलो होतो. तू विसरली नव्हतीस. लॅबोरेटरीत लागल्यावर एकदा भाकरी थापता थापता सहज म्हणालीस, "कसला ताप म्हनून इचारनारं घर हाय ते. आता गोळ्या बी निघाल्यात, पन कसला ते कळाया पायजेल." आणि भाकरी तव्यावर टाकलीस. मी जेवलो. तेव्हा काही बोललो असतो तर बरं झालं असतं, पण भाकरी गरम होती आणि मला दुसऱ्या पाळीला जायचं होतं.

फिनेलची गोष्ट तर अख्ख्या चाळीला माहीत आहे. माझ्या कटकटीला कंटाळून तू शेवटच्या खळबळायच्या पाण्यात फिनेल घालायला लागलीस. गुपचूप. वास खरंच कमी झाला. मी खूश, तू खूश. तिकडे बाई हैराण. नळ्या नितळ, पट्ट्या पांढऱ्या, वास नाही. बाई नेहमी एका नळीत ओळखीचा, पट्टी हमखास काळी करणारा जंतू घालून ठेवायच्या, पारख म्हणून. तोसुद्धा गप्प! तेव्हा त्यांना कळलं की भानगड जंतूत नाही, काचेत आहे. धुणावळीवर येऊन त्यांनी नळी नाकाला लावली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" तू सरळ सांगितलंस, "मी. घरचे मालक वासावरून जेवू देत नाहीत." सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. काचेला लागून राहिलेलं फिनेल नव्या जंतूंना मारत होतं. बाईंनी तुला खूप झापलं. मग म्हणाल्या, "भागीरथी, वास गेला म्हणजे चांगलं झालं असं नाही. इथं वास गेला म्हणजे आपण आंधळे झालो."

भागीरथी. बाईंच्या तोंडी तुझं नाव होतं. मी तुला जन्मभर 'अगं ए' म्हणालो.

आणि लालबागच्या नाक्यावर आम्ही 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' ओरडत गेलो आणि अश्रुधूर खाऊन आलो तो दिवस! डोळे लाल, नाकातून धारा, कपड्यांना तो तिखट वास. तू दारात उभी राहून म्हणालीस, "बाहेर. नळावर जावा. असला वास माझ्या घरात चालनार नाय." हौसाबाई इतकी हसली की तिला उचकी लागली. मग डोळ्यांवर ओला फडका ठेवता ठेवता तू विचारलंस, "मुंबई मिळाली की नळ दोन तास येनार का?" मी म्हटलं, येणार. "मग वरडा," म्हणालीस.

एकदा तू मला म्हणालीस, बाई नळीला तोंड लावतात. दुसरी एक बारीक, लांब काचेची नळी असते. तिनं जंतूचं पाणी तोंडानं वर ओढायचं, मोजून, आणि दुसरीकडे सोडायचं. "आनि ती नळी मी धुतल्याली असती," तू म्हणालीस. मी म्हटलं, थापा मारू नकोस. का म्हटलं? कारण मी गिरणीतला माणूस. साच्यावर कापड विणताना धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, म्हणून आपल्या लोकांना साचेखात्यात पाऊल टाकू देत नव्हते. आपण तोंड लावलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा! साचेवाल्याचा पगार जास्त. मी जन्मभर रिंगखात्यात सूत काततच राहिलो, ते ह्या एका तोंडापायी. आणि गिरगावातली डॉक्टरीणबाई तुझ्या हातची नळी तोंडात धरते? थाप. मी साफ हसलो. तू रागावून दोन दिवस माझ्या डब्यात चटणी दिली नाहीस.

तर त्या सकाळचं भांडण. आपली शकू मॅट्रिक झाली. आपल्या दोन्ही घरांत पहिली. बाई तुला म्हणाल्या, पाठव तिला माझ्याकडे, नळ्या धुवायला नाही, नळ्यांत काय झालंय ते बघायला, काम मी शिकवते. तू चहा गाळता गाळता मला सांगितलंस, आणि तुझा चेहरा असा झाला होता की जणू पोरगी विलायतेला निघाली. मी म्हटलं, नाही. पोरगी शाळेत मास्तरीण होईल. पांढरं पातळ नेसेल, हाताला खडू लागेल, कुणी नाकाला रुमाल लावणार नाही. तीन पिढ्या झाल्या, आता बस. तू म्हणालीस, पोरीला विचारलंत का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. मग तू म्हणालीस, एक सांगायचंय. आणि पाणी आलं.

काय सांगायचं होतं? मी रोज नवीन काही लावून बघतो. कधी वाटतं, पहिल्या पोराचं काही असेल. कधी वाटतं, तुझ्या छातीत दुखत होतं आणि तेच सांगणार होतीस. ते मनात आलं की मला बसवत नाही, मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. आणि कधी वाटतं, रॉकेल संपलंय, एवढंच. एवढंच असेल. पण मला ते पाहिजे आहे.

तुझा भाऊ गावाहून आला तो पिंडाचे तांदूळ घेऊन. मंडळाची पोरं म्हणाली, "मामा, ते आपण सोडलं." मामा म्हणाला, "सोडलं ते बरं केलं, पन मग आता काय करायचं ते तरी सांगा." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. धम्म घेतला, पण माणूस मेल्यावरचं कुणाला पुरतं ठाऊक नाही. एकानं मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला घेतली, आणि मधेच अडकला. खोलीभर माणसं, आणि तो तोंड उघडं ठेवून उभा. तेव्हा शकूनं पुढचा शब्द सांगितला. रडत नव्हती. शब्द सांगितला आणि मग सगळं शेवटपर्यंत तीच म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. ही कधी शिकली? तू शिकवलंस? का ती आपली आपणच शिकते सगळं?

मग एका संध्याकाळी बाई आल्या. चष्मा, सुती पातळ, पायात साध्या वहाणा. मी खुर्ची शोधायला लागलो, तोवर त्या चटईवर बसल्यासुद्धा. शकूनं चहा दिला. बाईंनी कप उचलला, माझ्याजवळून हात गेला, आणि वास आला.

तोच. सडक्या अंड्याचा. बारीकसा, पण तोच.

मला वाटलं, तू आलीस. खोटं नाही सांगत. मी दाराकडे बघितलं.

मग मी ते बोललो. तुला माझं तोंड ठाऊक आहे. "बाई, तुमच्या हाताला वास येतो."

शकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हौसाबाई दारातून आत बघत होती, ती मागे सरली. बाईंनी आपली बोटं नाकाशी नेली.

"येतो का? मला आता कळत नाही हो. आमच्या सासूबाई माझा साबण वेगळा ठेवतात आणि मला पंगतीत टोकाला बसवतात."

"तुम्हाला?"

"मला म्हणजे? जंतू का माणूस बघून वास काढतात?"

मी म्हटलं, "आणि ती नळी तुम्ही खरंच तोंडात धरता?"

"धरते की. मधे कापूस असतो. तरी चुकलं की मेलो." मग त्या कपाकडे बघत म्हणाल्या, "भागीरथीनं धुतलेली असली की मी न बघता तोंडाला लावायची. आता बघून लावते. काल दोन टाकून दिल्या."

तू थाप मारली नव्हतीस. आणि मी हसलो होतो ते तुझ्या तोंडावर. आता खरं काय ते कळलं तेव्हा समोर तू नाहीस, दुसरीच बाई बसली आहे. मी तिला काय सांगू? माझं साचेखातं? मी चटईचा काठ चिमटीत धरून बसलो.

म्हणून ती बाई काही देवी झाली नाही. तिचा पगार किती आणि तुझा किती, मला अंदाज आहे. तुला तिथं बसायला स्टूल होतं, खुर्ची नव्हती. हे पण मी लिहिणारच, तू कितीही डोळे वटार. उठताना बाई म्हणाल्या, "शकूचं तुम्ही ठरवा. जागा मी फार काळ धरून ठेवू शकणार नाही." आणि गेल्या.

बाई गेल्यावर शकूनं कप विसळले. पाठमोरी होती. म्हणाली, "बाबा, आईला काय सांगायचं होतं?"

"मला काय ठाऊक!"

"मला वाटतं मला विचारा, एवढंच सांगायचं होतं."

"मग विचारतो. जायचंय तुला त्या घाणीत?"

"हो."

"वास जात नाही हां तो."

"माहीत आहे. मी आईजवळच झोपत होते."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायचं थांबलो. तुझं माझं भांडण मी हरलेलो नाही, ध्यानात ठेव. मला अजून पटलेलं नाही. पण मी ज्या वासातून पळालो, त्यात ती डोळे उघडे ठेवून चालली आहे, आणि माझं पळणं तिच्या पायात घालायचा मला काय हक्क? हे तू माझ्याकडून वदवून घेतलं असतंस, नळावरून परत आली असतीस तर. दुपारपर्यंत वदवलं असतंस.

आज सकाळी मी तिला लॅबोरेटरीच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. फाटकावर तो मालवणी म्हातारा बसतो ना, तुला सुपारी मागायचा तो. तो गावाला गेला होता, कालच परतला. शकूला बघून खूश झाला.

"काय गो, आज तू? आवस खंय तुजी? तिका सांग, गावाहून कोकमा हाडलंय."

आई कुठं आहे, म्हणून विचारत होता. शकू माझ्याकडे बघायला लागली.

तू पडलीस ते हौसाबाईनं सांगितलं. गेली ते डॉक्टरनं सांगितलं. गावाला मंडळाच्या पोरांनी कळवलं, चाळीत आपोआप कळलं, बाई कळूनच आल्या. मला कुणाला सांगायची पाळी आली नव्हती. त्या म्हाताऱ्याचं तोंड हसरं होतं आणि तो वाट बघत होता.

मी म्हटलं, "मेली."

तो उठून उभा राहिला. शकू पदर सारखा करून आत गेली, बाईंच्या दाराकडे, मागे न बघता. मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो, कारण तो शब्द माझ्याच तोंडून मी तेव्हा ऐकला, आणि मला तेव्हा कळलं.